हातावर गोंदलेला नंबर

टेलिफोनच्या नव्या मशीनची पूजा करताना मी तिच्या भोकात कुंकू भरलं. ज्या भोकातून उजेड आत-बाहेर जायचा, नेमक्या त्याच भोकात. बरं, एका मशीनच्या नाही, जोडीतल्या दोन्ही मशीनच्या. त्यापायी आमच्या गावचे आठ फोन आणखी चार दिवस मुके राहिले आणि ते चार दिवस मी सगळ्या जगाला दोष देत हिंडलो.

हे आधीच सांगून टाकतो. कारण गावात कोणालाही माझ्याबद्दल विचारलं तरी तो सुरुवात इथूनच करतो. निदान माझी फजिती माझ्या तोंडून निघालेली बरी.

मी जन्मभर तांब्याच्या तारेचा माणूस. खांबावर चढणं, जोड सोलणं, पावसाळ्यात केबलीत शिरलेलं पाणी काढणं, यात माझे केस गेले. लाइन जिवंत आहे की मेली हे पाहायला मी कधी मीटर काढला नाही. बोट ओलं करायचं आणि तारेला लावायचं. तिकडून घंटी येत असली की असा झटका बसतो की शंका उरत नाही. माझ्या उजव्या हाताच्या बोटाने जेवढे फोन ऐकले तेवढे माझ्या कानाने ऐकले नसतील. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात कोणीतरी माझ्या या बोटाचं कौतुक केलं होतं. मी ते खरं धरून बसलो.

मग दिवाळी होऊन गेल्यावर रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि खोदणाऱ्या मशीनने आमची तांब्याची केबल गाजराच्या चकत्या कराव्यात तशी कापून काढली. आठ फोन बंद पडले. शाळेचा, पंचायतीचा, दूध संकलनाचा, आणखी चौघांच्या घरचा, आणि वहिनीच्या किराणा दुकानातला.

वहिनी म्हणजे नात्याने माझी कोणी नाही. शेजारच्या गल्लीत दुकान, रस्त्याच्या वळणावर वावर आणि गावभरात सगळ्यात खणखणीत आवाज. नवरा तिचा कमी बोलतो. त्याला वावच मिळत नाही. तिच्या दुकानातला फोन जुना, पांढऱ्याचा पिवळा पडलेला, तेलाच्या डब्याशेजारी ठेवलेला. गावातले आणि वस्तीवरचे जे कोणी ऊस तोडायला, विटा पाडायला बाहेर जातात, ते सगळे त्याच नंबरावर फोन करतात. वहिनी दुकानातून हाक मारते आणि ज्याचा फोन असेल तो धावत येतो. मोबाइल आता घरोघरी आहेत; पण आमचं गाव खोलगटात बसलेलं. रेंज हवी तर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढावं लागतं.

एक दिवस टेलिफोन खात्याचे साहेब दुकानात आले. हातात छापील फॉर्म. मी तिथेच तंबाखू मळत बसलो होतो. ओट्यावर वस्तीवरची बुढीही होती. केबल कापल्यापासून ती रोज येऊन बसायची आणि फोनकडे असं बघायची, जसं काही तो रुसलाय आणि बघत राहिलं तर बोलेल.

साहेब म्हणाले, “काकू, इथे एक सही करा. जुना फोन परत केला, एवढंच लिहिलंय.”

“परत कायले करू? मी का उसना आणला व्हता?”

“तांब्याची केबल आता पुन्हा टाकणार नाहीत. मोबाइल घ्या, नवा नंबर मिळेल.”

“मोबाइल हाय ना बापा. टाकीवर चढून बोला लागते. चढता का तुमी? चाला, मी शिडी धरतो.”

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. वहिनीने त्यावर गुळाची ढेप ठेवली. वजनाला.

तेव्हा बुढी बोलली. ती फार कमी बोलते. म्हणाली, “साहेब, नंबर बदलला तं माह्या पोरीच्या हातावरचा कोन पुसून देईन?”

साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं, वहिनीला कळलं.

बुढीची लेक लग्न होऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायला लागली, त्या वर्षीच्या जत्रेत बुढीने तिच्या हातावर वहिनीच्या दुकानाचा नंबर गोंदून घेतला होता. कोपराखाली, आतल्या बाजूला, हिरवे आकडे. तिथे बाकीच्या पोरी फूल गोंदवत होत्या, कोणी नवऱ्याचं नाव. बुढीचं म्हणणं सरळ होतं. कागद भिजते, मोबाइल हरवते, पाठ केलेलं घाबरलं की इसरते, हात मात्र संगंच राह्यते. पोरीने कुठेही, कोणालाही हात दाखवायचा आणि म्हणायचं, दादा, हा नंबर लावून द्या. तिने तसंच केलं. दर बाजाराच्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवरून तिचा फोन यायचा.

आता ती गरोदर होती. पहिलटकरीण. जाताना ठरवून गेली होती, दिवस भरत आले की फोन करीन, मग भावाला न्यायला पाठव. ती कोणत्या फडावर आहे ते बुढीला माहीत नव्हतं. टोळी या फडावरून त्या फडावर हलते. म्हणजे निरोप तिकडूनच यायला हवा होता. आणि तो ज्या दाराने यायचा ते दार बंद होतं.

वहिनीने हे सगळं साहेबांना सांगितलं, तिच्या आवाजात, म्हणजे अर्ध्या गावाला सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या बॅगेत फॉर्मची थप्पी होती आणि ती त्याला रिकामी करायची होती. म्हणाला, “भावना समजतात, पण तार कुठून आणू?”

“काचेच्या तारेवरून आणतो मी,” असं कोणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले म्हणून कळलं की ते मीच म्हणालो. माझं तोंड माझ्या अकलेच्या नेहमी एक खांब पुढे असतं.

पण बोललो ते अगदीच हवेत नव्हतं. पंचायतीत इंटरनेटसाठी काचेची केबल आलेली होती, थेट आमच्या एक्स्चेंजपासून. तिच्यातले काही धागे नुसते पडून होते. आणि अशी मशीनं मिळतात हे मी ऐकून होतो, की जी टेलिफोनची लाइन काचेच्या धाग्यातून लांबवर नेऊन सोडतात.

साहेब म्हणाले, “खात्यात अशी सोय नाही.”

मी म्हणालो, “सोय मी करतो. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पुढच्या सोमवारी येतो. रिसिव्हर उचलला आणि टोन आला तर फॉर्म फाडतो. नाही आला तर लाइन बंद करून जाईन. सही असो, नसो.”

“या,” वहिनी म्हणाली. “अन् येताना पेन आनू नका. सही कराची नाई मले.”

कारंज्याला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तशा मशीनची जोडी धूळ खात होती. गेटवरचे, गोदामातले आठ फोन ऑफिसला जोडायला कधीकाळी घेतलेली. मी एसटीने गेलो, तिथल्या वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना बुढीच्या लेकीची गोष्ट सांगितली आणि जोडी मांडीवर घेऊन परत आलो. शेजारच्या माणसाने विचारलं, डब्यात काय? म्हटलं, गावाचं तोंड. तो उठून मागच्या सीटवर गेला.

काम तसं सोपं. एक्स्चेंजमधल्या आठ लाइनी एका मशीनला द्यायच्या. ते मशीन बोलण्याचा उजेड करतं आणि केसाएवढ्या धाग्यातून गावात सोडतं. गावातलं मशीन त्या उजेडाचं पुन्हा बोलणं करतं, गावातल्या शाबूत तारांवरून फोनला टोन देतं, घंटी देतं. एकच पथ्य. एक्स्चेंजचं मशीन एक्स्चेंजमध्ये बसवायचं, गावचं गावात. ही अदलाबदल मी करणारच, असं वहिनीने आधीच जाहीर केलं होतं. म्हणून मी दोन्ही मशीनच्या पाठीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. तेवढी चूक मी केली नाही. त्याचाच इतका अभिमान वाटला की दुसरी केली.

बुधवारी संध्याकाळी दोन्ही मशीन घरी पाटावर मांडली. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर येवो, मोटरपंप येवो की पिठाची चक्की, हळद-कुंकू लागल्याशिवाय बटण दाबत नाहीत. मी तर खांबालाही नारळ फोडलेला माणूस. मशीनच्या तोंडाशी छोटी काळी रबरी टोपणं होती. मी ती काढली.

बायको म्हणाली, “टोपनं कायले काढता? राहू द्या ना.”

“देवापुढे टोपी घालून बसतात का?” मी म्हणालो. वर अनामिकेने, पाण्यात कालवलेलं कुंकू, दोन्ही मशीनच्या उघड्या तोंडात नीट, मनापासून लावलं. इतकं मनापासून मी स्वतःच्या लग्नातही काही केलं नसेल.

गुरुवारी मशीन बसवली. एक जीपमधून एक्स्चेंजला नेलं, एक पंचायतीत भिंतीला ठोकलं. वीज दिली. हिरवा दिवा लागला. त्याच्याशेजारी लाल दिवा लागला. लाल म्हणजे उजेड पोचत नाही. फोन उचलला. आत नुसती शांतता.

मी सवयीने बोट ओलं केलं आणि काचेच्या धाग्याला लावलं. तांब्याने मला आयुष्यभर झटके दिले, पण निदान उत्तर तरी दिलं. काचेने काहीच केलं नाही. मी बोट तसंच धरून उभा राहिलो. पंचायतीचा शिपाई म्हणाला, “ताप पाहून राह्यले का तिचा?”

मग मी दोष वाटायला निघालो. पहिला रस्त्यावाल्या ठेकेदाराला. त्याच्या माणसाशी शुक्रवारी भर रस्त्यात भांडलो. तो म्हणाला, काचेच्या केबलीच्या बाजूला आम्ही अजून आलोच नाही. मी म्हणालो, मग येणार असाल म्हणून आधीच तुटली. हे वाक्य मी आजही समजून घ्यायचा प्रयत्न करतो.

दुसरा दोष उंदरांना दिला. पंचायतीच्या खोलीत संध्याकाळपर्यंत केबलीचा कातरलेला भाग शोधला. उंदीर एकही दिसला नाही. जुने ठराव मात्र बरेच वाचून झाले.

शनिवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनमध्ये पडत नव्हता, तो तिथे पडला. केबल जिथे वळते तिथेच दबली असणार, आणि वळण होतं वहिनीच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला. हरभरा घाट्यावर आलेला. मी फावडं घेऊन गेलो.

वहिनी धावत आली. “भाऊजी, काय करून राह्यले?”

“वहिनी, तुमच्या वखराने केबल दाबली.”

“माह्या वखरानं? वखर माह्या घरी उभा हाय, अन् तुमी इथं हरभरा उपटून राह्यले!”

“फोन पाहिजे ना?”

तिने पदर खोचला. मग स्वतः फावडं घेतलं. माझ्यापेक्षा सरळ खणलं तिने. दुपारपर्यंत आम्ही धुऱ्याकडच्या दोन ओळींचा हरभरा काढला, आणि खाली केबल निघाली. कोरी, काळी, एक ओरखडा नाही. तिच्याशेजारी मातीत माझी पक्कड निघाली, बऱ्याच वर्षांपूर्वी हरवलेली, आणि जिच्यापायी मी माझ्या एका सोबत्याला चोर म्हणून त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

वहिनीने पक्कड हातात घेतली. उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, “अजून कोनाकोनाचा दोष निंगाचा राह्यला असन तं सांगा, सगळंच वावर खनतो.”

बुढी बांधावर बसली होती. तिने उपटलेला हरभरा गोळा करायला घेतला. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. संध्याकाळी घरी येऊन मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं, आपल्याला हे काम येतं का? उत्तर आलं, नाही. मग विचारलं, सोडायचं का? त्याचंही उत्तर तेच आलं. त्या बाबतीत माझं डोकं एकदम सरळ चालतं. साहेबाच्या फॉर्मवर मी माझ्या अडाणीपणामुळे सही होऊ देणार नव्हतो. अडाणीपणा माझा होता, नंबर माझा नव्हता.

रविवारी सकाळी रिसोडहून काचेचे धागे जोडणारा माणूस बोलावला. त्याच्याकडे सगळी यंत्रं, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्याने आधी केबल तपासली. “केबल चांगली हाय.” मशीनला वीज तपासली. “वीज चांगली हाय.” मग मशीनच्या तोंडातली वायर काढली, खिशातून लेखणीएवढी दुर्बीण काढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काका, याच्यात लाल काय हाय?”

मी म्हणालो, “लाल दिवा असेल.”

“दिवा नाई. वाळलेलं हाय. खपली धरली.”

पंचायतीच्या त्या खोलीत पाच-सहा जण होते. वहिनी होती. मला सगळ्या जगाचा दोष आठवला, ठेकेदाराचा, उंदरांचा, वखराचा, आणि पाटावरचं ताट आठवलं. खोटं बोलायला वाव होता. गंज म्हणता आलं असतं. पण आधीच चार दिवस खोटं बोलून झालं होतं, आणि त्यातलं एकही उपयोगी पडलं नव्हतं.

“कुंकू आहे,” मी म्हणालो. “मी लावलं.”

रिसोडच्या माणसाने दुर्बीण खाली ठेवली. “केसाएवढ्या धाग्यातून उजेड येते काका. धुळीचा कण बसला तरी अडते. तुमी तं पुरी आरास केली.”

“अन् दुसऱ्या मशीनले?” वहिनीने विचारलं.

“त्यालाही,” मी म्हणालो.

“बरं झालं. एकीले लावून दुसरीले नसतं लावलं तं रुसली असती.”

त्याने स्पिरिट आणि बारीक काड्या काढल्या आणि दात कोरावेत तसं ते तोंड कोरलं. वायरीची टोकंही खराब झाली होती, ती बदलली. मग मोटारसायकलवर मागे बसून आम्ही एक्स्चेंजला गेलो आणि तिथेही तेच केलं. परत आलो तेव्हा पंचायतीच्या भिंतीवर दोन्ही दिवे हिरवे. मी दुकानात जाऊन रिसिव्हर उचलला. कानात तो आवाज आला, लांबच लांब, एकसुरी. आयुष्यभर ऐकलेला आणि कधीच न ऐकलेला. मी रिसिव्हर बुढीच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. “कोनीच बोलत नाई,” ती म्हणाली. म्हटलं, माय, आता कोणीही बोलू शकतं.

सोमवारी साहेब आले. रिसिव्हर उचलला, टोन ऐकला, ठेवला, पुन्हा उचलला. शाळेत फोन लावला, शाळेने उचलला. वहिनीने मध्ये दम न घेता कुंकवाची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली. ते एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग दुसरा कागद काढला. काम झाल्याचा अहवाल मलाच भरायचा होता. त्यात बंद राहण्याचं कारण लिहायला रकाना.

“तांत्रिक बिघाड लिहा,” साहेब म्हणाले. “तुमची लाज राहील.”

मी लिहिलं. कारण, कुंकू. दोष, माझा. लाइन, चालू. नंबर, तोच.

“असं लिहून चालत नाही हो.”

“लाइन चालते ना?”

“चालते.”

“मग हे पण चालवा. आणि तो तुमचा फॉर्म?”

वहिनीने गुळाची ढेप उचलली. खाली फॉर्म होता, आठवडाभर तसाच, गुळाला चिकटलेला. साहेबांनी तो सोडवून घेतला आणि फाडला. एक तुकडा ढेपेलाच राहिला. वहिनीने तो काढला नाही.

पूजेचंही सांगतो, कारण त्या दिवशी साहेबांनी जाता जाता बजावलं की यापुढे मशीनला हात लावायचा नाही. मी मंगळवारी सकाळीच पंचायतीत जाऊन दोन फुलं आणि कुंकवाचं बोट लावलं. डब्याच्या पाठीवर, रंगाने लिहिलंय त्याच्या खाली. तोंडापासून वीतभर लांब. एकदा चुकलो म्हणून मी नमस्कार सोडणार नाही. अंतर शिकलो, एवढंच.

बुढी सोमवारपासूनच भाकरी बांधून दुकानात येत होती. दिवसभर बसायची. सोमवारी दोनदा घंटी वाजली. एकदा वहिनीच्या माहेरचा, एकदा भलत्याच कोणाचा. दोन्ही वेळा बुढी उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. मंगळवारी मी पंचायतीतून थेट दुकानात गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. तंबाखू होती, पण मळायचं सुचलं नाही. लेकीने या महिन्याभरात किती वेळा हात दाखवला असेल आणि किती वेळा समोरचा म्हणाला असेल की हा नंबर बंद आहे बाई, हे माझ्या मनातून जात नव्हतं. तिने आता हात दाखवणंच सोडलं असेल तर?

दुपार कलली आणि घंटी झाली. वहिनीने फोन उचलला. तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा लहान झाला. “बुढे, ये.”

लेक तिकडून ओरडूनच बोलत होती, त्यामुळे आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं. कोण्या गाडीवाल्याचा मोबाइल घेतला होता. दिवस जवळ आलेत, टोळी कुठे आहे, कोणत्या कारखान्याचा फड, गाव कोणतं. वहिनी साखरेच्या पुड्यावर लिहीत होती. बुढी म्हणत होती, “उद्याच तुहा भाऊ निंगते. तू मोळी उचलू नको. आयकलं का? मोळी उचलू नको.”

मग तिकडून लेक म्हणाली, “माय, इतके दिवस काहून लागत नव्हता वं फोन? मी दर बाजाराले लावून पाह्यला. मले वाटलं तुलेच काही झालं.”

मी हात जोडले. खुणेने म्हणालो, माय, रस्त्याचं सांग. केबल कापली ते सांग. ते खोटंही नव्हतं, महिन्याचा बराच भाग त्यातच गेला होता.

बुढीने माझ्याकडे नीट पाहिलं. सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत. आणि रिसिव्हर तोंडाशी धरून लेकीला म्हणाली, “काई नाई वं. इथं एक येडा मिस्त्री हाय. त्यानं मशीनच्या तोंडात कुकू भरलं व्हतं.”